झडपेच्या पोटातलं पोलाद

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात रस्त्यातले खड्डे, नळाची वेळ आणि फलकावरची भाषा हे विषय नेहमी असतात. तिन्हींवर मलाही बोलता येईल, पण आज विषय खिडकीच्या झडपेचा आहे. हसू नका. वळिवाच्या आधी घरं आटपायची घाई सगळीकडं चाललीय, आणि याच दिवसांत लोक यूपीव्हीसीच्या खिडक्यांची ऑर्डर देऊन मोकळे होतात. आगाऊ रक्कम देण्याआधी त्यांच्या नजरेस हे पत्र पडावं, एवढीच विनंती.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं टर्नर होतो. राहतो शहापुरात. माझी थोरली बहीण कणकुंबीच्या बाजूला एका खेड्यात असते. भाचा गोव्यात नोकरीला. त्यानं जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधलं. पश्चिमेच्या खोलीला मोठी खिडकी काढली: दोन झडपा, एकेक दोन फूट रुंद आणि पाच फूट उंच, रंग तपकिरी, लांबून सागवानच वाटावं असा. भाच्यानं कोटेशनचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला होता. मी दर तेवढा बघितला आणि म्हटलं, "बरा हाय, देऊन टाक." सगळा जन्म लोखंड कातण्यात घालवलेल्या माणसानं आत काय घालणार हे विचारलं नाही. ही चूक आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना मी कुणाला शहाणा वाटायला नको.

मलप्रभा उगम पावते तो हा मुलूख. तिथला पाऊस बेळगावच्या माणसालाही खरा वाटत नाही. पहिल्याच श्रावणात उजवी झडप हँडलच्या बाजूनं खाली बसली आणि चौकटीवर घासायला लागली. अक्का ती उचलून धरायची आणि मग कडी लावायची. पुढं उन्हाळ्यात दुसरं दुखणं निघालं. दुपारी तीननंतर झडपेची उभी बाजू मधोमध बाहेर फुगायची, रबर सुटायचं आणि फटीतून उजेड दिसायचा. संध्याकाळी पुन्हा बरीचशी सरळ. अक्काचं म्हणणं, "खिडकी श्वास घेऊलालीय." मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण पोलाद आत असलेली झडप असा श्वास घेत नाही.

यूपीव्हीसी म्हणजे मऊ करणारी द्रव्यं न घातलेलं पीव्हीसी. पाण्यानं कुजत नाही, वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही. आमच्या पावसाला हे गुण सोन्यासारखे आहेत, त्यामुळं मी या मालाच्या विरोधात नाही. पण ताठपणात पोलाद त्याच्यापेक्षा साधारण ८० पट सरस. म्हणून प्रोफाइलच्या, म्हणजे ज्या लांब पोकळ काठ्या जोडून झडप करतात त्यांच्या, पोटात एक मोठा पोकळ कप्पा ठेवलेला असतो आणि त्यात जस्त चढवलेल्या पत्र्याचा वळवलेला सेक्शन सरकवायचा असतो, यू किंवा सी आकाराचा, नाहीतर चौकोनी नळीचा. फॅब्रिकेशनवाली पोरं त्याला नुसतं "आतलं स्टील" किंवा "जीआय" म्हणतात. मोठ्या खिडकीचा ताठपणा मुख्यतः तिथून येतो. बाहेरचं दिसतं ते कातडं.

उन्हाचा हिशोबही सोपा आहे. एक मीटर पीव्हीसी १० अंश तापलं की साधारण पाऊण मिलिमीटर वाढतं. पोलाद तेवढ्यात एक दशांश मिलिमीटरच्या जरा वर. पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाचं प्रोफाइल ६० अंशांपर्यंत सहज जातं. बाहेरची बाजू तापून लांब होते, घरातली गार राहते, आणि अख्खी काठी उन्हाच्या दिशेनं धनुष्यासारखी वाकते. आत पोलाद असेल आणि ते प्रोफाइलला स्क्रूनं धरलेलं असेल, तर हे वाकणं आवरलं जातं. म्हणून रंगीत झडपेला पोलाद हवंच. छोट्या पांढऱ्या झडपेला, बाथरूमच्या वगैरे, प्रोफाइल कंपनीच्या तक्त्याप्रमाणे काही वेळा नसलं तरी चालतं. तिथं भांडायला जाऊ नये.

आता मी काय केलं ते सांगतो. आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा एक फाटका स्पीकर माझ्या माळ्यावर पडून होता. त्याचं लोहचुंबक काढलं आणि एसटीनं, म्हणजे आपल्या लाल बसनं, अक्काकडं गेलो. चुंबक झडपेच्या बाहेरच्या अंगावरून वरून खाली फिरवलं. बिजागरीजवळ ओढ लागली. हँडलजवळ लागली. मधल्या दोन-अडीच फुटांत काहीच नाही, चुंबक सुटून हातात. मोठं चुंबक मुद्दाम नेलं होतं, कारण प्लॅस्टिकच्या भिंतीपलीकडं फ्रिजला चिकटवायच्या चुंबकाचा जोर पोचत नाही. आणि झडपेच्या कडेवर तपासू नये, तिथं कुलपाची लोखंडी पट्टी असते, ती फसवते.

झडप उतरवली, पट्ट्या काढून काच बाजूला ठेवली, आणि हॅक्सॉनं उभी बाजू कापली. आत वीतभर लांबीचे तुकडे होते. बिजागरीला एकेक, कुलपाला एक. म्हणजे स्क्रूला धरायला काहीतरी असावं, आणि कुणी चुंबक लावलंच तर बरोबर तिथंच लागावं, एवढी अक्कल चालवलेली. बाकी सगळी झडप हवेनं भरलेली. माझा मायक्रोमीटर अजून माझ्याकडं आहे. तुकड्याची जाडी भरली ०.६२ मिलिमीटर, जस्तासकट. अशा कामाला सव्वा ते दोन मिलिमीटरचा पत्रा वापरतात.

वाऱ्याचं काय होतं बघा. ताशी ७२ किलोमीटरचा वारा सरळ आपटला, तर चौरस मीटरला साधारण २४ किलोचा दाब येतो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोन पट. अक्काची एक झडप चौरस मीटरला थोडी कमी. तिच्यात पाच मिलिमीटर काच, म्हणजे काचेचंच वजन नऊ-दहा किलोच्या आसपास. हे सगळं तोलायचं एका बाजूच्या बिजागऱ्यांनी. शिवाय वाकण्याचं गणित लांबीला फार कडक असतं. फुटाला तेवढाच भार ठेवून काठीची लांबी दुप्पट केली की ती सोळा पट वाकते. त्यामुळं अडीच फुटी खिडकीला चाललं म्हणून पाच फुटीला चालेल, असं म्हणणाऱ्यानं आधी एक बांबू दोन टोकांवर ठेवून बघावा.

हा सेक्शन तयार कसा होतो, ते मला हातानं माहीत आहे. निवृत्तीच्या आधी आमच्याकडं अशा यू सेक्शनचे फॉर्मिंग रोल कातायला आले होते. जस्त चढवलेल्या पत्र्याचं मोठं भेंडोळं आणतात आणि ते उभं चिरून हवी तेवढ्या रुंदीची पट्टी करतात. रुंदी काढतानाच नवीन माणूस चुकतो. तीन बाजूंची बाहेरून बेरीज ९० भरली म्हणून पट्टी ९० ची घेत नाहीत, प्रत्येक वळणाला थोडी वजावट करावी लागते, नाहीतर सेक्शन मोठा होऊन कप्प्यात शिरतच नाही. मग ती पट्टी एकामागं एक मांडलेल्या रोलच्या जोड्यांमधून जाते. पहिली जोडी जरासं वळवते, दुसरी आणखी थोडं, असं करत शेवटी काटकोन. एका दमात वळवलं तर कडा लाटेसारख्या होतात आणि सगळा सेक्शन पिळवटतो. आणि काटकोन हवा म्हणून रोल काटकोनाचा कातला तर फसलात. पोलाद थोडं परत उघडतं, त्याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणायचो. एक-दोन अंश जास्त वळवावं लागतं, आणि ते किती, हे पत्र्याच्या प्रत्येक लॉटला वेगळं. आमचे फोरमन पहिला तुकडा हातात घेऊन, डोळा बारीक करून सांगायचे, "अजून अर्धा अंश." गुण्या लावला की तेवढंच निघायचं.

रोलच्या पॉलिशसाठी ते फार कटकट करायचे. तेव्हा राग यायचा. पण जस्त आधीच चढलेलं असतं, वळवणं नंतर होतं. रोलवर एक ओरखडा राहिला तर तो हजारो फूट पत्र्यावरचं जस्त खरवडत जातो. वळण फार टोकदार केलं तरी तिथं जस्ताला तडे जातात. गंज मग तिथून सुरू. जस्ताचा थर असतो तरी केवढा? आपल्या आयएस २७७ मानकात तो चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात, दोन्ही बाजू मिळून. २७५ ग्रॅमचा म्हटला तर एका बाजूला १९ मायक्रॉनच्या आसपास. १२० चा असला तर आठ-साडेआठ. उघड्या डोळ्यांना दोन्ही सारखेच चकचकीत. जस्ताचा स्वभाव मात्र घरातल्या थोरल्यासारखा, आधी स्वतः झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं. त्यामुळं कापलेली कडाही थोडीफार सांभाळली जाते. पण ग्राइंडिंग व्हीलनं कापून कडेचं जस्त जाळून टाकलं तर ते तरी काय करणार? करवतीनं कापावं आणि टोकाला जस्ताचा रंग लावावा, पाच मिनिटांचं काम आहे.

मुद्द्याची गोष्ट आता येते. झडपेचे चारी कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून, साधारण अडीचशे अंशांच्या तव्यावर वितळवून एकमेकांत दाबतात. वितळताना प्रत्येक टोक दोन-तीन मिलिमीटर खाल्लं जातं, म्हणून पोलाद प्रोफाइलपेक्षा थोडं आखूड ठेवतात, बोटाच्या रुंदीएवढं म्हणा, नाहीतर ते तव्याला लागतं. तव्यावर नेण्याआधी पोलाद आत सरकवून नऊ-बारा इंचांवर एकेक स्क्रू मारायचा. कोपरे एकदा जुळले की पोलाद आत घालायला वाट राहत नाही. अक्काच्या झडपेला दुरुस्ती नव्हती ती यामुळं. झडप नवीनच करावी लागली. म्हणजे गिऱ्हाइकाला बघायची संधी एकाच दिवशी असते, कोपरे जुळायच्या आधी, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक वर्कशॉपकडं फिरकत नाही.

मी मात्र फिरकलो, नवीन झडप करायच्या वेळी. ज्यानं पहिली केली त्याच्याचकडं, कापलेला तुकडा पिशवीत घेऊन. त्याचं नाव-गाव लिहीत नाही, आणि त्याचं कारण भीती नाही. पोरगं तिशीतलं, घरात कन्नड आणि बाहेर आपली मराठी बोलणारं. तुकडा बघून आधी गप्प बसलं. मग म्हणालं, "अण्णा, गिऱ्हाईक स्क्वेअर फुटाचा दर विचारतंय. आत काय हाय, कोण विचारूलालंय? मी पुरं स्टील घालून दर सांगितला की गिऱ्हाईक पलीकडं जातंय." मला उत्तर सुचलं नाही. कारण मी तेच केलं होतं, मोबाइलवर, एका वाक्यात.

तिथंच वजनकाट्यावर हिशोब केला. ८० मिलिमीटर रुंदीच्या, दीड मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा सेक्शन मीटरला ९४० ग्रॅमच्या आसपास भरतो. अक्काच्या एका झडपेला चारी बाजू मिळून जेमतेम चार मीटर, म्हणजे पावणेचार-चार किलो. किलोला शंभर धरले तरी चारशे रुपयांचा खेळ. एवढ्यासाठी नऊ-दहा किलो काच बिचारी लोंबकळत होती.

आणखी एक लबाडी त्यानंच हसत सांगितली, ती बहुतेकांना माहीत नसेल. पुष्कळ ठिकाणी पोलाद चौकटीत भरतात आणि झडप रिकामी ठेवतात. बिलावर लिहिता येतं, "स्टीलसकट". आता चौकट भिंतीला चारी बाजूंनी खिळलेली, ती कुठं जाणार? उघडते, लोंबते, वाऱ्यात आपटते ती झडप. दर कमी करायचाच असेल तर भाव करा, पण झडपेचं पोलाद काढून नको.

जुन्या घराची एक झडप अक्कानं गोठ्यात ठेवली होती. ती बघून आलो आणि अर्धा तास तिथंच बसलो. तीन उभ्या सागवानी फळ्या, मागं दोन आडव्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये एक तिरकी. पुढं दोन लोखंडी पट्ट्या. हे लोखंड गाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचं, असं अक्का सांगते. लोहारानं तापवून ठोकून पातळ केलेलं, हातोड्याचे घाव अजून मोजता येतात. पट्टीचं एक टोक गोल वळवून त्याची नळी केलेली, ती चौकटीतल्या खुंटीवर बसायची. म्हणजे पट्टी तीच बिजागरी, भार लाकडावरून थेट लोखंडावर. खिळे आरपार मारून टोकं मागं मुरडलेली. पट्टीची भोकं खिळ्यांपेक्षा जराशी मोठी. सुरुवातीला मला ते ढिलं काम वाटलं. मग उजेड पडला, लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, त्याला हलायला जागा ठेवलीय. अंगाला काजूच्या टरफलाचं तेल पाजलेलं, काळंभोर.

ती तिरकी पट्टी खालच्या बिजागरीकडून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडं जाते. झडप लोंबायला लागली की तिच्यावर दाब येतो आणि ती भार बिजागरीच्या पायथ्याशी नेऊन टाकते. उलटी मारली तर ओढ लागून सांधे सुटतात. नव्या झडपेत हे काम काच करते, हे पुष्कळ फिटरांनाही ठाऊक नसतं. काचेखाली प्लॅस्टिकची छोटी पॅकिंग देतात, ती खाली बिजागरीच्या कोपऱ्यात आणि वर हँडलच्या कोपऱ्यात हवीत. मग काच स्वतःच तिरकी पट्टी होऊन झडप उचलून धरते. अक्काच्या झडपेत खालची पॅकिंग अगदी मधोमध होती. म्हणजे पोलाद नाही ते नाही, वर काचही नुसती ओझं म्हणून बसवलेली.

जुन्या लोहाराचं लोखंड बाहेर होतं. चार पट्ट्या ठरल्या असतील आणि दोन मारल्या, तर शेजारणीलाही दिसायचं. आता लोखंड पोटात गेलं, तेव्हा ते कागदावर तरी यायला हवं. माझं मागणं एवढंच आहे की खिडकी करणाऱ्यांनी बिलात झडपेच्या पोलादाची जाडी मिलिमीटरमध्ये, जस्त ग्रॅममध्ये आणि "पूर्ण लांबीचं" हे दोन शब्द लिहावेत. बिजागरीचे स्क्रू त्या पोलादात घुसलेत, नुसत्या प्लॅस्टिकमध्ये नाही, हे बसवताना दाखवावं. आपल्याकडं बिल इंग्रजीत, तक्रार कन्नडमध्ये आणि भांडण मराठीत अशी रीत पडलीय. हे दोन शब्द तिन्हींपैकी कुठल्याही भाषेत लिहा, मिलिमीटरचा आकडा तोच राहील.

आणि फौंड्री-वर्कशॉपांचं हे गाव, जिथं गल्लीत एक तरी माणूस टर्नर, फिटर नाहीतर मोल्डर सापडतो, तिथल्या लोकांनी पत्र्याची जाडी न विचारता खिडक्या घ्याव्यात, याची मला स्वतःचीच लाज वाटते. गल्लीतल्या निवृत्त माणसाला हाक मारा. तो चहावर येईल आणि मायक्रोमीटर घेऊन येईल.

अक्काची नवी झडप बसली. दीड मिलिमीटरची चौकोनी नळी, चारी बाजूंना पूर्ण. यू सेक्शनपेक्षा नळी पीळ फार कमी खाते, आणि एका अंगानं टांगलेल्या झडपेला पिळाचं भय जास्त. त्या पोरानं पोलादाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. मी द्यायला गेलो तर म्हणालं, "तुकडा तेवढा इथंच ठेवून जावा." वर्कशॉपच्या दारात खिळ्याला टांगून ठेवलाय त्यानं, कापलेली बाजू पुढं करून. परवा गेलो तेव्हा एक नवरा-बायको तो बघत उभे होते. बाईनं विचारलं, "आमच्यात किती जाडीचं घालणार?"

आपला,
एक निवृत्त टर्नर,
शहापूर, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)

ता. क. : जुन्या लाकडाचे व्यापारी गोव्याकडून येऊन अक्काची ती सागवानी झडप दोनदा मागून गेले. हे छापून आल्यावर आणखी येतील, म्हणून तिनं आधीच सांगायला लावलंय की झडप विकायची नाही. सध्या तिच्यावर कुळीथ वाळत घातलेत.